अभ्यास मंडळांना खुलं पत्र: बी.ए.च्या मुलांचं संशोधन रद्दीत जाऊ देऊ नका

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
इतिहास, मराठी, समाजशास्त्र, राज्यशास्त्र आदी विषयांची अभ्यास मंडळं,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठं

स. न. वि. वि.

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. म्हणजे कला शाखेची ती पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला येईल. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना 'ऑनर्स विथ रिसर्च' घेता येईल आणि त्यांच्यासमोर १२ क्रेडिटचा संशोधन प्रबंध असेल. त्याआधीच्या वर्षांत फील्ड प्रोजेक्ट आहेच. या सगळ्याच्या अभ्यासक्रमात 'डिजिटल साधनांचा वापर' हे शब्द कुठे ना कुठे येणार, याबद्दल मला शंका नाही. ते नुसते शोभेला येतात की कामाला, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्या हातात आहे. म्हणून हे पत्र.

मी एका तालुक्याच्या गावी पदवीच्या वर्गांना इतिहास शिकवते. आमच्याकडे मुलं एसटीच्या वेळेवर वर्गात येतात आणि एसटीच्या वेळेवर उठतात. विद्यापीठाच्या आवारात बसून अभ्यासक्रम लिहिताना ही मुलं डोळ्यांसमोर असतीलच असं नाही. म्हणून पुढचं जरा तपशिलात लिहिते.

सध्या प्रोजेक्ट कसा होतो ते तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. बैठकीत मात्र कुणी बोलत नाही. विषय ठरतो: 'ग्रामीण भागातील महिलांचा समाजमाध्यमांचा वापर: एक अभ्यास'. विद्यार्थी गूगल फॉर्म तयार करतो, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो आणि खाली लिहितो, 'प्लीज भरा रे, उद्या सबमिशन आहे.' पन्नासेक जण भरतात, त्यात निम्मे मुलगे. फॉर्म आपणहून रंगीत पाय चार्ट काढून देतो. त्याचे स्क्रीनशॉट चौथ्या प्रकरणात चिकटतात आणि प्रत्येकाखाली 'वरील आलेखावरून असे दिसून येते की' अशी सुरुवात असलेलं एक वाक्य येतं. मग काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं (मुंबईकडे याला ब्लॅक बुकच म्हणतात), वायवा, सही, शिक्का. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येऊन गेली की वर्षा-दोन वर्षांत तो गठ्ठा रद्दीत जातो.

यात डिजिटल साधन नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. फॉर्म आहे, आलेख आहे, पीडीएफ आहे. ज्या बाईकडे फोनच नाही ती या पाय चार्टमध्ये कुठे बसते, हे मात्र विद्यार्थ्याला कुणी विचारलेलं नाही, आणि विचारलं नाही तरी त्याचे गुण कापले जात नाहीत.

यावर उपाय म्हणून तुम्ही काय कराल, याची मला खरी धास्ती आहे. दोन क्रेडिटचा एक स्वतंत्र कौशल्याचा पेपर येईल. घटक एक, संगणकाची ओळख. घटक दोन, इंटरनेट व शोधयंत्रे. घटक तीन, सादरीकरण. घटक चार, कृत्रिम बुद्धिमत्ता: फायदे व तोटे. शिकवायला संगणक विभागातून कुणाला तरी उसनं आणलं जाईल, महिन्याभरात बाजारात गाइड येईल, आणि मुलं 'गूगल स्कॉलरची पाच वैशिष्ट्ये लिहा' याचं उत्तर पाठ करून पास होतील. कृपा करून हे करू नका.

माझं म्हणणं थोडक्यात असं. साधन विषयाच्या पोटातच शिकवा, त्याच विषयाच्या शिक्षकाकडून. आणि प्रबंधाचे गुण बांधलेल्या पुस्तकाइतकेच त्यामागच्या सामग्रीला द्या: विद्यार्थ्यानं स्वतः जमवलेल्या, तपासलेल्या आणि पुढच्या वर्षीच्या मुलाला उघडून वापरता येईल अशा सामग्रीला.

असं काम कसं असतं ते पाहायला परदेशी विद्यापीठांचे दाखले नकोत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यातून सुरू केलेलं जात्यावरच्या ओव्यांचं काम घ्या. गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या गेल्या, हातानं लिहून घेतल्या गेल्या. बर्नार्ड बेल यांनी त्या संगणकावर अशा तऱ्हेनं आणल्या की गाव, गाणारीचं नाव आणि विषय यांवरून ओवी शोधता यावी. पॉइत्वाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. सामग्री नीट ठेवलेली होती म्हणूनच पी. साईनाथ यांनी उभ्या केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळाला २०१७ पासून त्या ओव्या आवाज, चित्रफिती आणि भाषांतरांसह लोकांपुढे आणता आल्या. मूळ माणसं गेल्यावरही काम पुढच्यांच्या हाती गेलं. आमच्या महाविद्यालयातल्या काळ्या पुठ्ठ्यांच्या बाबतीत हे कधी झाल्याचं मला आठवत नाही.

आता याच ओव्यांवर बी.ए.च्या विद्यार्थ्याला बसवा. शब्द मोजणारं साधन, समजा व्हॉयंट, ब्राउझरमध्ये फुकट चालतं. मजकूर चिकटवला की वारंवार येणारे शब्द मोठ्या अक्षरांत दाखवतं. ओव्यांच्या एखाद्या गठ्ठ्यात 'राघू' आणि 'मैना' वर आले, तर साधनाच्या लेखी ते दोन पक्षी. ओवी गाणाऱ्या आईच्या लेखी बहुतेक वेळा राघू म्हणजे लेक आणि मैना म्हणजे लेकीचं लाडाचं नाव. कधी मात्र तो खराखुरा पोपटच असतो, आणि कुठे कोण आहे ते ओवी पुरती वाचल्याशिवाय कळत नाही. भावाचंही तेच. बंधू, बंधवा, भाऊ, भाऊराया. शिवाय विभक्ती लागून बंधवाची, बंधवाला, भावाच्या. माणसाला एक भाऊ दिसतो, यंत्राला सात वेगळे शब्द. इंग्रजी मजकुरात या अडचणी एवढ्या येत नाहीत. मराठीत 'घर' शोधलं तर घरात, घराला, घरातून, घरी हे सगळे हातातून निसटतात. काही साधनांना तर काना-मात्रा-वेलांटी हा अक्षराचाच भाग आहे हे सेटिंगमध्ये जाऊन सांगावं लागतं, नाहीतर ती शब्दाचे तुकडे करून मोजतात.

मग विद्यार्थ्यानं काय करायचं? शे-दोनशे ओव्या घ्यायच्या, प्रत्येक राघूपुढे 'मुलगा', 'पक्षी' किंवा 'सांगता येत नाही' असं एका रकान्यात लिहायचं, आणि का ते शेजारच्या रकान्यात. नंतर मोजायचं. तिसऱ्या उत्तराला जागा ठेवणं सर्वांत महत्त्वाचं, कारण मुलांना ते लिहायची भीती वाटते. ज्या मुलीची आजी जात्यावर बसलेली आहे ती या कामात शहरातल्या मुलापेक्षा पुढे असते. आमच्या वर्गात असा प्रसंग फारसा येत नाही, तेव्हा तो मुद्दाम आणावा. हे डिजिटल काम आहे आणि साहित्याचं, समाजशास्त्राचंही आहे. दोन क्रेडिटच्या कौशल्य पेपरात ते कुठल्या घटकात बसवणार?

जुन्या छापील मजकुराची गोष्ट वेगळी आणि जास्त फसवी आहे. आपल्या राज्यात सार्वजनिक वाचनालयांची परंपरा मोठी. पुणे नगर वाचन मंदिराची मुळं १८४८ पर्यंत जातात, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. पण शंभरी ओलांडलेली वाचनालयं लहान गावांतही आहेत आणि त्यांच्या मागच्या खोलीत कुठेच स्कॅन न झालेली मासिकं, संस्थांचे वार्षिक अहवाल, व्याख्यानमालांच्या पुस्तिका पडून असतात. विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोननं त्यांची पानं टिपता येतात आणि ओसीआरनं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या साधनानं, त्यांचा मजकूर काढता येतो. इथवर सगळं सोपं.

आता त्या मजकुराकडे जवळून बघा. दोन स्तंभांच्या मासिकात यंत्र कधी डावीकडची अर्धी ओळ वाचून सरळ उजवीकडच्या स्तंभात शिरतं. वाक्य व्याकरणात बसतं, अर्थ भलताच होतो. कागदावरच्या शाईच्या ठिपक्याचा अनुस्वार होतो आणि खरा अनुस्वार गळून जातो. जोडाक्षरं एकाखाली एक रचलेली असली की त्यांची वाट लागते. ही झाली यंत्राची चूक. पण मजकूर अगदी बिनचूक निघाला तरी दुसरा खड्डा पुढे आहेच. आज आपण जे शुद्धलेखन वापरतो ते १९६२ च्या नियमांनंतरचं. त्याआधीच्या छपाईत नाहीं, कांहीं, कीं, शाळेंत, घरांत असं सर्रास छापलेलं असतं. आजचा विद्यार्थी शोधचौकटीत 'शाळेत' टाइप करतो. उत्तर येतं: शून्य. आणि प्रबंधात वाक्य पडतं, 'सदर नियतकालिकात मुलींच्या शाळेचा उल्लेख आढळत नाही.' मासिकात पानोपानी शाळा असते.

अशी वाक्यं प्रबंधांतून पुढे संदर्भ म्हणून फिरायला लागतात, ही माझी खरी काळजी आहे. यंत्राला सापडलं नाही आणि तिथे नव्हतंच, यातला फरक शिकवणं हे इतिहासाच्या शिक्षकाचं काम. संगणक विभागातला माणूस तो का शिकवेल? त्याला १९६२ शी काय देणंघेणं?

याच जातीचे आणखी काही बारके काटे आहेत. 'ॲकॅडमी'मधला पहिला 'ॲ' दोन प्रकारांनी टाइप होतो. डोळ्याला सारखा, यंत्राला वेगळा. श्री-लिपी किंवा तशाच जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर सुरेख दिसतो, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की हाती अगम्य चिन्हांचा ढीग लागतो. शोधगंगेवर पीएच.डी.चे प्रबंध आहेत म्हणून आपण आनंदात असतो, पण जुन्या फाँटमधला मराठी प्रबंध तिथे असून शोधाला लागत नाही. आणि तरीही काही ठिकाणी विद्यार्थ्याला 'मजकूर अमुक फाँटमध्येच द्यावा' अशी लेखी सूचना असते, जी युनिकोड (कुठल्याही यंत्रावर सारखीच वाचली जाणारी अक्षरांची पद्धत) येण्याआधीच्या काळातून तशीच उतरत आलेली आहे. एवढं एक कलम जरी तुम्ही बदललंत, सर्व प्रबंध युनिकोडमध्ये असं लिहिलंत, तरी एका पैशाचा खर्च न होता पुष्कळ साधेल.

नकाशे मुलांना फार आवडतात, आणि ते योग्यच आहे. क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचं मोफत सॉफ्टवेअर, ओपनस्ट्रीटमॅप हा मोफत नकाशा. गावांच्या नावांची यादी द्या, नकाशावर ठिपके घ्या. यादीत 'पिंपळगाव' आलं की गंमत सुरू होते. निफाड तालुक्यातलं पिंपळगाव बसवंत, जुन्नरकडचं पिंपळगाव जोगे, पाचोऱ्याजवळचं पिंपळगाव हरेश्वर, बुलढाण्यातलं पिंपळगाव राजा, भोकरदनचं पिंपळगाव रेणुकाई, आणि नुसतीच पिंपळगावं किती तरी. यंत्र त्यातलं एक उचलतं आणि बेलाशक ठिपका देतं. शंका आली असं कधी म्हणत नाही. वडगाव, सावरगाव, निमगाव यांचीही तीच कथा. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी ठिपका देण्याआधी तालुका आणि जिल्हा लिहायला लावते. जिल्हा लिहायला लागलं की आणखी एक गाठ सुटते. जालना जिल्हा १९८१ मध्ये झाला, लातूर १९८२ मध्ये, नंदुरबार आणि वाशीम १९९८ मध्ये, पालघर २०१४ मध्ये. १९६१ च्या जनगणनेतला औरंगाबाद जिल्हा आजच्या नकाशावर रंगवता येत नाही, कारण तो जिल्हा आज त्या आकाराचा नाही. त्याचं नावही आता छत्रपती संभाजीनगर आहे. जुन्या कॅटलॉगमध्ये शोधताना जुनं नाव, नव्यात शोधताना नवं, हे पाठ्यपुस्तकात कुठेच नसतं. नकाशा करायला बसलं की आपोआप कळतं. साधन विषयाच्या आत शिकवा म्हणते ते यासाठी.

काय ऑनलाइन आहे आणि काय नाही, हाही अभ्यासक्रमाचाच प्रश्न आहे. मुंबई इलाख्याचे जुने गॅझेटियर आज घरबसल्या वाचता येतात, त्यांच्यातला शब्द न् शब्द शोधता येतो. इंग्रजी छपाई, ओसीआर उत्तम. मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत. विश्वकोश आहे, साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं आहेत. हे सगळं फार मोलाचं. पण विद्यार्थ्याला आपल्या तालुक्यातल्या एखाद्या जातीविषयी लिहायचं असलं की पहिल्या झटक्यात सापडतो तो एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं लिहवून घेतलेला परिच्छेद: त्या लोकांचा रंग, त्यांचा स्वभाव, त्यांच्या सवयी. तो मुलगा स्वतः त्याच जातीचा असतो आणि तरी तो परिच्छेद 'प्रास्ताविका'त जसाच्या तसा उतरवतो. कारण तो सापडला, पीडीएफ आहे, संदर्भ देता येतो. सत्यशोधक चळवळीतल्या छोट्या नियतकालिकांसाठी मात्र अजून कपाटंच उघडावी लागतात. शोधयंत्रात वर येणारं साधन हे महत्त्वाचं साधन असतं, हा समज आपणच वर्गात मोडला नाही तर कोण मोडणार?

आवाजाबद्दल दोनच शब्द. मौखिक इतिहासासाठी मुलं फोनवर मुलाखती घेतात आणि वेळ वाचवायला यंत्राकडून उतरवून घेतात. यंत्राला प्रमाण मराठी येते. अहिराणीत 'कथा' म्हणजे 'कुठे'. यंत्र तिथे गोष्ट ऐकतं. मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली सगळ्यांना ते थोडंथोडं पुणेरी करून टाकतं, आणि वाचणाऱ्याला कळतही नाही की आजोबा असं बोललेच नव्हते. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं बोलींच्या सर्वेक्षणाचं जे काम संकेतस्थळावर ठेवलं आहे ते मुलांना आधी ऐकवा, मग मुलाखतीला पाठवा. आणि मूळ ध्वनिफीत, बोलणाऱ्याची संमती, तारीख, गाव हे प्रबंधाबरोबर जमा करणं सक्तीचं करा.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येते, कारण तुमच्या बैठकीत सर्वांत जास्त वेळ तिच्यावरच जाणार. बंदी घालू नका, ती कुणी पाळणार नाही. कौतुकही नको. चॅटजीपीटीसारख्या साधनाला मराठी संदर्भसूची मागितली की नामवंत लेखक खरा, प्रकाशन खरं, साल पटण्याजोगं, आणि पुस्तक मात्र कधी निघालेलंच नाही, असे संदर्भ ते देऊ शकतं. यावर वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा काही उपयोग नाही. ते फक्त साम्य मोजतं, आणि नसलेल्या पुस्तकाशी कशाचंच साम्य नसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाविना सोडलं जातं. त्यातून विद्यार्थ्यांनी धडा घेतला तो एवढाच की टक्के खाली आणायचे. म्हणून वाक्यं उलटीपालटी करून देणारी साधनं, झेरॉक्सच्या दुकानात 'टक्के कमी करून मिळतील'ची सोय. माझी सूचना साधी आहे: सूचीतल्या प्रत्येक ग्रंथापुढे तो विद्यार्थ्यानं कुठे पाहिला ते लिहायचं, अमुक वाचनालय, दाखल क्रमांक, किंवा अमुक संकेतस्थळ, पाहिल्याची तारीख. वायवात त्यातले कुठलेही दोन उघडून दाखवायला सांगा. यंत्राची मदत कशासाठी घेतली तेही पानभर लिहू द्या आणि त्याबद्दल शिक्षा करू नका, नाहीतर कुणी लिहिणार नाही. हे करताना मराठी संदर्भलेखनाची एक पद्धत सर्व विद्यापीठांनी मिळून एकदाची ठरवली तर फार बरं होईल. झोटेरोसारखं संदर्भ सांभाळणारं साधन फुकट आहे. त्याच्यासाठी मराठी शैलीची एक फाइल कुणीतरी एकदा बनवली की राज्यभर चालेल. आज प्रत्येक मार्गदर्शकाचं संपादकाचं 'संपा.' वेगळ्या ठिकाणी असतं.

हे सगळं कुठून सुरू करायचं, असं विचाराल तर माझं बोट मराठी विकिस्रोताकडे आहे. तिथे जुन्या, स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकाच्या पानाचं चित्र एका बाजूला आणि मजकूर दुसऱ्या बाजूला असतो. विद्यार्थी मजकूर चित्राशी ताडून दुरुस्त करतो. पान लाल असतं, पहिल्या तपासणीनंतर पिवळं होतं, आणि वेगळ्याच व्यक्तीनं पुन्हा तपासलं की हिरवं. कुणी, कधी, कुठला अनुस्वार बदलला याची नोंद पानाच्या इतिहासात कायम राहते. मूल्यमापनासाठी याहून पारदर्शक काय हवं? आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, हे गणितही मुलं या निमित्तानं करतात. दुसऱ्या वर्षाच्या फील्ड प्रोजेक्टमध्ये गावातल्या वाचनालयातलं एक असं पुस्तक चार-पाच मुलांनी मिळून हिरवं केलं, आणि सोबत त्या पुस्तकातल्या भाषेबद्दल, छपाईबद्दल, लेखकाबद्दल दहा पानं लिहिली, तर ते मला कुठल्याही 'एक अभ्यास'पेक्षा मोलाचं वाटतं.

चौथ्या वर्षाच्या प्रबंधासाठी शंभरातले निदान चाळीस गुण सामग्रीची फाइल आणि कामाची रोजनिशी यांना ठेवा. रोजनिशी म्हणजे कुठे गेलो, काय मिळालं नाही, कुठल्या नोंदीबद्दल शंका आहे. त्या फाइली महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि शिवाय एखाद्या खुल्या संग्रहात ठेवा. झेनोडोसारखे मोफत पर्याय आहेत. एका जागेवर विसंबू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिथल्या ऑनलाइन सेवा कित्येक महिने विस्कळीत होत्या, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात इंटरनेट अर्काइव्हही काही दिवस बंद पडलं होतं. मोठ्यांची ही गत, तर महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या एकुलत्या एका संगणकावर आपण काय विसंबणार! अर्थात मुलाखतीतली नावं, जातीचे, आजाराचे, कर्जाचे तपशील उघड्यावर जाता कामा नयेत; काय उघडं ठेवायचं आणि काय झाकायचं हे ठरवणं हाही त्या चाळीस गुणांतला भाग धरा.

'बी.ए.च्या मुलांना हे झेपणार नाही', हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. झेपतं. ज्या मुलाला रील एडिट करता येते त्याला स्प्रेडशीटचे रकाने करता येतात. झेपत नाही ते वेगळंच. संगणक कक्षाची किल्ली एका माणसाकडे आणि तो निवडणुकीच्या कामावर. क्यूजीआयएस फोनवर चालत नाही आणि लॅपटॉप वर्गात दोघांकडे. आणि मार्गदर्शन करायचं कुणी? निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर. त्यांना तासाचे पैसे, तेही उशिरा, आणि विद्यार्थ्याबरोबर वाचनालयात बसून ओसीआरची पानं तपासली तर तो तास कुठल्याच रकान्यात बसत नाही. हे अभ्यास मंडळाच्या अखत्यारीत नाही असं तुम्ही म्हणाल. काही अंशी खरं आहे. पण प्रबंधाच्या मार्गदर्शनाचे तास कार्यभारात धरावेत, ही शिफारस विद्यापरिषदेकडे पाठवणं तुमच्या अखत्यारीत आहे, आणि ती पाठवल्याशिवाय हा अभ्यासक्रम लागू करू नका.

मसुदा विद्यापरिषदेपुढे जाण्याआधी महिनाभर तरी तो सर्वांना वाचायला ठेवा. एखादी बैठक तालुक्याच्या महाविद्यालयात घ्या, चहा आमचा.

आणि एक कलम मसुद्यातून आधीच वगळा: 'प्रबंधाच्या बांधीव तीन प्रती सादर कराव्यात.' त्या तीन प्रतींचा खर्च विद्यार्थीच करतो. एक प्रत छापील ठेवा, परीक्षकाला वाचायला. उरलेल्या पैशांत एक पेनड्राइव्ह येतो आणि मुलाखत दिलेल्या माणसाला उतरवलेला मजकूर वाचून दाखवायला पुन्हा एकदा गावी जायचं एसटीचं तिकीट निघतं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तालुक्याच्या गावी इतिहास शिकवणारी एक शिक्षिका